खिशातलं बटण

३ मार्च
किनवटकडच्या आमच्या तांड्यावरून इतक्या लांब आलो, पण जीव खूश हाये. कनेरगाव नाक्याजवळ हळद शिजवायचं काम मिळालं. फेफरं येतं म्हणून आजवर मला आगीजवळ कुणी उभं केलं न्हाई. आता डोक्यात औषधाची डबी बसवलीय. झटका येणार हे तिला आधीच कळतं, मग ती मेंदूत थेंब सोडते. वरून हातानं दाबायचं बटणबी दिलंय; दाबलं की थेंब सुटतो न जिभेवर लोखंडाची चव येते. ते भरवशाच्या माणसाजवळ ठेव, असं डॉक्टर म्हणाले. मी मालकाला दिलं. त्यानं ते खिशात टाकलं न पाठ थोपटली.
हळदीच्या वाफेच्या कुकरवर माझ्यासंगं चंदाबाई न तिची पोरगी पुनम. भाकरीवर कांदा ठेवत चंदाबाई म्हणाली, झटका आला तर मी हाच हुंगवीन, तुझी डबी राहू दे बाजूला.

९ मार्च
हळद लवकर शिजावी म्हणून मालकानं कुकरची शिट्टी तारेनं बांधली. वाफ कोंडून पत्रा थरथरतो, न पुनम तिथंच उभी. माझं डोकं फिरलं. तार सोडा म्हणून भांडायला गेलो. मालकाचा हात खिशात गेला. जिभेवर लोखंडाची चव आली न मी हात जोडून माफी मागून परत आलो. काहून? चंदाबाईला वाटलं झटकाच आला. तिनं नाकाला कांदा लावला.

१२ मार्च
परत भांडलो. परत तसंच. बटणानं विझवला तो झटका नव्हता, माझा राग होता. माझा! बटण मागितलं तर मालक हसला.
"तुझ्या भल्यासाठीच ठेवलंय, लेका. थंड राहत जा."

१३ मार्च
तार तोडायला पक्कड घेऊन गेलो. मालक आडवा आला. पक्कड मीच त्याच्या हातात दिली. वर हसलो.

१५ मार्च
कुकर फुटला. पुनम वाफेत— चंदाबाई ओरडून राहिली, उचल रे तिला. मालकाचा हात खिशात. मी उभा. नुसता उभा.

१६ मार्च
पुनम हिंगोलीच्या दवाखान्यात, डोळ्यांवर पट्टी. मालक लोकांना सांगून राहिला, झाकण पोरीनंच उघडलं. खोटं! ठाण्यात बोलायला गेलो तर मालक बटणानं तोंड बंद करील, म्हणून लिहून नेतो. भान राहावं म्हणून कांदा नाकाशी धरलाय. तार मालकानं बांधली, मी डोळ्यानं— दारात तोच. हात खिशात. लोखंडाची चव—

मालक चांगला माणूस हाये. हळद पिवळीधमक झाली. झाकण पोरीनंच—

न्हाई. तार त्या—