तू सोडलेली शपथ

आये, परवा काष्टीच्या बाजारात चाबूक विकणारा म्हातारा दिसला आणि घरी येईपर्यंत तूच डोक्यात. म्हणून लिहायला बसलोय. तुला वाचता येत नव्हतं, तरी.

दुष्काळाच्या आदल्या जत्रेत, टांग्यांच्या शर्यतीत, माझा टांगा ओढ्याच्या वळणावर उलटला. मांडीचं हाड मोडलं. नगरच्या दवाखान्यात उशाशी बसून तू म्हणालीस, "माज्या गळ्याची आन हाय. पुन्हा शर्यतीत उतरलास तर माजं मेलेलं तोंड बघशील." मग दुष्काळ पडला. मी खाटेवर आणि तू खडी फोडायला. कामावर खायला मिळालेली सुकडी, ते गोड पीठ, संध्याकाळी आणायचीस, त्यातली मूठभर आधी आपल्या घोडीला. मी खेकसायचो, "आगं, मानसाला न्हाई आन घोडीला?" तू म्हणायचीस, "तिच्याच जिवावर जेवलास ना आजवर?" लई राग यायचा तुझा.

पुढं पाऊस झाला, पाय जुळला, पुन्हा जत्रा आली. उतरणार का, असं जो तो विचारायचा. मी मिशीला पीळ देऊन सांगायचो, "आयेची आन हाय, न्हाईतर दाखवलं असतं एकेकाला!" लोक हळहळायचे.

शर्यतीची सकाळ. तू चुलीपुढं भाकरी थापतेयस. मागं न बघताच म्हणतेस, "आन सुटली." मी म्हटलं, "आन म्हंजी काय पोरखेळ हाय?" "घातली म्या, सोडली बी म्याच. ऊठ, जुंप घोडी." मी उगाच घोडीचे नाल दोन-दोनदा तपासले. मग भाकरी न खाताच टांगा जुंपला.

ओढ्याचं वळण आलं आणि हात आपोआप लगाम आवळायला लागला. तिथंच तू उभी होतीस, गर्दीच्या पुढं, फडक्यात भाकरी बांधून. "आरं, ढिली सोड तिला!" केवढ्यांदा ओरडलीस! मी सोडली. वळण कधी गेलं कळलंच नाही. तिसरा आलो, तरी तू गल्लीभर गूळ वाटलास. ती भाकरी गार झाली होती, मी टांग्यातच बसून खाल्ली.

आईची माया, म्हणून शपथ सोडली, असं लोक म्हणाले. तू कुणाला काही बोलली नाहीस, मलाही नाही. कशाला बोलशील, सगळं ओळखून होतीस. मीच तुझ्या शपथेमागं दडून बसलो होतो.

हा कागद घडी करून तुझ्या फोटोमागं ठेवतोय, दुसरीकडं कुठं धाडणार? मला भीती वाटत होती गं, आये. आता तिथं पूल झालाय, तरी एसटी त्या वळणावर आली की मी अजून पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरतो.