जुन्या जिनचं माप

अकोला,
१२ डिसेंबर १९६१

तीर्थरूप शेषरावदादांस,

ललिताचा जयभीम. इकडे थंडी वाढली आहे. आईचे गुडघे दुखत असतील, वहिनीला तेल कोमट करून चोळायला सांगा.

जिनिंग कारखान्यात हात भाजलेली कामगार जाईबाई अजून दवाखान्यात आहे. डाव्या हाताची बोटं हलतात. उजव्याबद्दल डॉक्टर काही बोलत नाहीत. तिची पोरगी आमच्याकडे जेवते.

परवा तुम्ही अमरावतीहून आलात आणि तिला न भेटताच परतलात. ह्यांच्याशीही बोलला नाहीत. मलाच बाजूला घेऊन म्हणालात, "देवमनले सांग, माप माह्या हातून चुकलं असं लिहून दे. नोकरी मी वाचवतो."

दादा, अमरावतीच्या कचेरीतून सरकी काढायची नवी जिन पाठवून तुम्ही आमच्या घरी आलात, त्या दिवशी चहा मीच केला होता. पातं आणि रूळ यांच्यातलं अंतर धरायची पट्टी समोर पडली होती. जिनांचं फिटिंग ह्यांच्याकडे, म्हणून हे म्हणाले, "नवी जिन अजून पारखून पाहून राहिलो. तिची पट्टी वेगळी करा. ती फसली तं जुनीवरच यावं लागते."

तुम्ही हसलात. आता सगळ्या जिना नव्याच येतील, दोन मापं कशाला, म्हणालात. नव्या जिनला बसावी म्हणून जुनीच पट्टी घासून बारीक करायला लावली.

नवी जिन आठवडाभरात बंद पडली. कापसाच्या बैलबंड्या फाटकाबाहेर उभ्या. पट्टी पुन्हा करू द्या, तोवर जुनी जिन चालवत नाही, असा ह्यांनी निरोप धाडला. तुमचं उत्तर आलं, ताबडतोब चालू करा. त्याच बारीक पट्टीवर चालू केली. पातं रुळाला घासलं, ठिणगी रुईत पडली, आणि समोर जाईबाई होती.

अपघातानंतर हे दोन दिवस जेवले नाहीत. मग तुमचा निरोप सांगितला तेव्हा म्हणाले, "दादानं आपल्याले उभं केलं. मी देतो लिहून." कागद घेऊन बसलेसुद्धा.

मी डबा घेऊन दवाखान्यात गेले. जाईबाईनं हळूच विचारलं, "ललिता, देवमननं असं काहून केलं वं?"

चूक ह्यांचीच, ही गोष्ट कारखान्यात आधीच कोणीतरी पसरवली होती. कोणी, ते मी तिला विचारलं नाही.

एवढं सगळं लिहिलं, पण लिहायचं होतं ते मागंच राहिलं. काल मी फॅक्टरी इन्स्पेक्टरसाहेबांकडे गेले होते. घरात ऐकलं ते सगळं सांगितलं, तुमच्या नावासकट. खाली सही केली. ह्यांना आल्यावर सांगितलं. हे रागावले, मग भिंतीकडे तोंड करून रडले.

बाबा गेल्यावर मला तुम्ही शिकवलं, त्या शिक्षणानंच ती सही केली. साहेब शुक्रवारी अमरावतीला तुमच्याकडे येतील. त्याआधी कळावं म्हणून लिहिते. त्यांच्यापुढं माझं म्हणणं खोटं पाडू नका, दादा. तेवढं केलंत तर मी उजळ माथ्यानं माहेरी येईन.

नाही केलंत, तर आईला तेल लावताना माझं नाव काढू नका.

तुमच्याच हाताखाली वाढलेली,
ललिता