मियाँ कोणी करायचा

ता. ९ फेब्रुवारी १९३६, रविवार
दुपारचा खेळ. शेवटच्या फार्सात मियाँ गुलछबू होऊन मी ठरल्या जागी आपटलो आणि तबल्याची थाप पडलीच नाही. चौदा वर्षांत प्रथम. मी आपटायचं, त्याच क्षणी कासमनं डग्ग्यावर धाडकन थाप मारायची, मग हशा. हशा त्या थापेचा असतो, माझा नसतो.
वाटलं, त्याचं लक्ष नसेल. उठून पुन्हा पडलो. तो माझ्याकडेच बघत होता, हात मांडीवर. लोक हसले, पण विरळ.
खेळ संपल्यावर चहाला न थांबता गेला. कंबर दुखते आहे. सेहेचाळीस म्हणजे पडायचं वय नव्हे.

ता. १०
सकाळी भद्रकालीत कासमच्या घरी. डग्ग्याची वादी ओढत बसला होता. मुलगी जैनब मालेगावहून माहेरी आली आहे. तिथे मुलींच्या शाळेत शिकवते. काल बायकांच्या बाकांवर बसून तिनं प्रथमच आमचा फार्स पाहिला. ती मेंदी लावलेली दाढी, तिरकी टोपी, "हम तुमकू मारेंगा" वगैरे. आजूबाजूच्या बाया हसत होत्या, ही बसून होती. घरी जाताना बापाला म्हणाली, "तू थाप देस म्हनीसन तो पडस, बा."
हे लोक मूळचे सटाण्याकडचे. घरात अहिराणी बोलतात. माझ्या मियाँसारखं या घरात कोणीच बोलत नाही. हे मला चौदा वर्षं ठाऊक आहे, आणि तरी...
मी म्हटलं, "इतकी वर्षं बोलला का नाहीस?"
"तुम्ही विचारलं नाहीत, नाना."
तो मला तुम्ही म्हणतो, मी त्याला तू. वयानं आम्ही बरोबरीचे. आज लक्षात आलं.

ता. १२
कंपनीच्या मालकांना सांगितलं, मियाँ बंद करू. ते विड्याला चुना लावत होते. "टॉकीनं अर्धं थेटर ओस पाडलं. राहिलेत ते तुमचं पडणं बघायला येतात. कासमला नको असेल तर दुसरा तबलजी बघतो."
"मग पडणारासुद्धा दुसरा बघा."
मालक मोठ्यानं हसले. मी विनोद केला असं वाटलं त्यांना. हा धंद्याचा शापच आहे.

ता. १३
दिवसभर कोरा कागद. मियाँ नाही तर कोण?
आठवत बसलो, आजवर कोणाकोणाची सोंगं केली. सोवळ्या बाईचं केलं. आधी लोक थेटर डोक्यावर घ्यायचे, मग एका वर्षी पुढच्या रांगेत विधवांच्या शाळेतल्या मुली येऊन बसल्या आणि त्या जागी कोणी हसेना. ते गेलं. गुजराथी शेटजी केला. कापडवाले सहकुटुंब खुर्च्यांवर बसू लागले, तोही गेला. छत्री घेतलेली शिकलेली बाई करायचो. आता तसल्या दोघी-तिघी दर खेळाला असतात आणि माझ्याआधी हसतात. वेस राखणाऱ्या येसकराचं सोंग पाच-सहा वर्षांमागे मालकांनी मुकाट्यानं काढलं. देवळाच्या दारापुढे आत घ्या म्हणून त्याच्या जातीची माणसं महिनोन्महिने बसली होती, त्यानंतर. का काढलं, कोणी विचारलं नाही.
म्हणजे मी कधी काही सोडलं नाही. तिकीट काढून माणूस समोर येऊन बसला की त्याचं सोंग आपोआप सुटलं. कासम तर पहिल्यापासून समोरच बसलेला होता. रंगमंचाला अगदी लागून.

ता. १५
लिहिलं. एका बैठकीत, न खोडता. नाशिकरोड स्टेशनावर यात्रेकरूंवर झडप घालणारा उपाध्या. "गाव कोणतं? आडनाव? तुमच्या पणजोबांची सही आहे आमच्या वहीत!" एका म्हातारीचं गाठोडं हा ओढतो, दुसरीकडून दुसरा उपाध्या ओढतो, गाठोडं सुटतं, हा आपटतो.
कोणाला विचारायला जावं लागलं नाही. सात पिढ्या आमच्या घरात हेच. अण्णा, माझे थोरले बंधू, आजही रामकुंडावर बसतात. मी कंपनीत शिरलो तेव्हापासून या घराची पायरी चढले नाहीत.
कासमला वाचून दाखवलं. पोट धरून हसला. डोळे पुसत म्हणाला, "अण्णांना दाखवलंत?"
मी विषय बदलला.

ता. १६, रविवार
शिवरात्र जवळ आलेली, त्र्यंबकला निघालेली खेड्यापाड्यांची माणसं, खालची बैठक गच्च. उपाध्या आला आणि लोक जे सुटले! एक जण उभा राहून ओरडला, "आरं, लय खरं हाय हे! माझं बी गाठुडं असंच वढलं!" कासमची थाप अशी बसली की मला माझं पडणं कळलंच नाही. खुर्च्या गप्प. मग तिथूनही एक हसला, मग चार.
बोलण्याआधी दोनदा खाकरायचं, हे लिहिलेलं नव्हतं. आपोआप आलं.
कित्येक वर्षांनी कंबर दुखली नाही.

ता. १७
सकाळी अण्णा दारात. सौ.नं पाट मांडला. बसले नाहीत.
"काल आलो होतो. मागं, खांबाआड बसलो होतो."
मी पाट पुढे सरकवला.
"खाकरणं माझं आहे, वासू."
"हो."
रागावतील असं वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं. हळू आवाजात म्हणाले, "आता लोक मोटारीनं येतात नि त्याच दिवशी परत जातात. वही उघडली की पोरं फिदीफिदी हसतात. स्टेशनावर जायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं होतं. घरात दुसरं काही येत नाही म्हणून जातो. सगळं गाव हसतंय. त्यात तुझी भर पडली, एवढंच."
पाणीही न घेता गेले. सौ.नं पाट उचलून ठेवला.

ता. १८
कासमला सगळं सांगितलं. तबल्याची गादी चाचपत म्हणाला, "मी थाप द्यायला नको होती."
"तू नाही दिलीस तरी मी पडलोच असतो."
"मग कोणी पडायचं, नाना?"
जैनब चहा घेऊन आली. तिलाच विचारलं. म्हणाली, "पडायलाच कशाला पाहिजे?"
पोरगी शिकलेली आहे, पण तिनं थेटर भरलेलं नाही. तरी तिचं वाक्य इथे उतरवून ठेवतो.

ता. २१
मालकांचा निकाल. "एका रविवारी मियाँ, एका रविवारी उपाध्या. सगळ्यांना सारखा न्याय! कोणाची तक्रारच नको." स्वतःवर फार खूष. या रविवारी मियाँची पाळी. जाहिरातीचे कागद वाटूनही झाले.
कासम म्हणाला, "ईदपर्यंत आहे. पुढचं बघू." जैनब त्याला मालेगावला चला म्हणते आहे. तिथं तबला कोण ऐकणार?
मला राग यायला हवा. नुसती झोप येते.

ता. २३, रविवार
रंगपटात बसून लिहितो आहे. समोर मियाँची दाढी आहे, उपाध्याची पगडीही आहे. मालक दोनदा डोकावून गेले. कागदावर मियाँ छापलाय, याची आठवण देऊन गेले.
आत्ता पडद्याच्या फटीतून पाहिलं. अण्णा आलेत. आज खांबाआड नाहीत, खुर्चीत, तिसऱ्या रांगेत, उपरणं नीट घडी करून मांडीवर. त्यांच्यामागे बायकांच्या बाकांवर जैनब. काय बघायला आलेत दोघं, कळत नाही. पुन्हा दुखवून घ्यायला कोणी तिकीट काढतं का?
कासमला हाक मारून दाखवलं. त्यानं फटीला डोळा लावला, बराच वेळ काढला नाही. मग मला म्हणाला, "आज काय करताय, नाना? मला आधी सांगा."
म्हटलं, "मलाच ठाऊक नाही. आणि हे बघा, मला अहो-जाहो पुरे करा आता."
मी त्याला 'करा' म्हणालो हे त्याच्या आधी ध्यानात आलं. हसला. "आधी तुम्ही ठरवा, कोण कोणाला काय म्हणायचं ते."
तोंडाला रंग लावलेला नाही. अंगावर घरचंच धोतर, घरचाच कोट; असंच जावं असं वाटतंय. फार्सला दहा मिनिटं आहेत.