पन्नास पुठ्ठे

सातपूर, नाशिक
रविवार, दुपार

प्रिय सृष्टी,

फोनवर तुझा आवाज ऐकला की मला बोलताच येत नाही, म्हणून लिहायला बसले आहे. शाळेत सिस्टर म्हणायच्या, पत्र लिहिताना पाठ ताठ ठेवावी. आज काही ती ताठ राहत नाही.

इकडे तसं सगळं ठीक आहे. शेजारच्या मंगलाबाई रोज संध्याकाळी येऊन बसतात. मी जेवले की नाही हे विचारत नाहीत, सरळ पातेल्याचं झाकण उघडून बघतात. पप्पांची सायकल जिन्याखालीच आहे. परवा कुणीतरी तिच्यात हवा भरून ठेवली. कोण ते कळलं नाही.

तुला आठवतं, तू पाच-सहा वर्षांची असताना पप्पा प्रेसमधून खराब पुठ्ठे घेऊन यायचे? सायखेड्याच्या द्राक्षांची खोकी छापायचे ते. छपाईवर जो चकचकीत थर चढवतात तो पुरता वाळलाय की नाही, हे त्यांना अंगठ्यावरून कळायचं. अंगठा दाबायचा, किंचित फिरवायचा आणि डोळे मिटायचे. वाळलेला असला तर 'चालू द्या', कच्चा असला तर 'थांबा'. तू त्यांच्या मांडीवर बसून तुझा एवढासा अंगठा फिरवायचीस आणि भाजीच्या ताटलीला सुद्धा 'थांबा' म्हणायचीस. मशीनची इंग्रजी पुस्तकं मी त्यांना मराठीत वाचून दाखवायची. ते चहा पीत ऐकायचे. मी जरा थांबले की म्हणायचे, "मॅडम, पुढचं पान?" त्या 'मॅडम'मध्ये चेष्टा असायची आणि थोडा अभिमानही. लग्न झालं तेव्हा कॉन्व्हेंटची बायको मिळाली म्हणून सगळ्या प्रेसला पेढे वाटले होते त्यांनी.

मग ती दोन वर्षांपूर्वीची दिवाळी. तू जेवताना सहज म्हणालीस, "पप्पा, अंगठ्याचा जमाना गेला आता. आमच्या लॅबचं मीटर लावा." ते ताटात हात धुऊन उठले. तेव्हापासून तुम्ही दोघं माझ्यामार्फत बोलायला लागलात. त्यांना सांग, तिला सांग. दोघंही सारखेच हट्टी. मला वाटायचं, निवळेल हळूहळू.

आता फेब्रुवारीतलं सांगते. त्र्यंबक रोडच्या हॉटेलात तुमची छपाई आणि कोटिंगच्या संशोधनाची परिषद होती. त्याच्या आठ दिवस आधी तुझं जाड पाकीट माझ्या नावानं आलं. वर चिठ्ठी होती, 'आई, पप्पांना वाचून दाखव. जबरदस्ती करू नकोस. त्यांना यावंसं वाटलं तर येतील.' ते दळण आणायला गेले होते. आधी आपण बघावं म्हणून मी आतल्या तुझ्या शोधनिबंधाचं पहिलं पान वाचलं. खाली शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की मशीनवरच्या कामगाराचा अंगठा हे भरवशाचं माप नाही. एकतीस वर्षं ज्या अंगठ्यावर घर चाललं, त्याबद्दल चारशे माणसांत हे ऐकायला त्यांना बोलवायचं? पाकीट मी साड्यांखाली ठेवलं. दळण घेऊन ते आले, मी चहा टाकला.

परिषद झाली त्या संध्याकाळी तू घरी आलीस. स्वयंपाकघरात हळूच विचारलंस, "वाचून दाखवलं होतंस ना?" आणि मी "हो" म्हणाले. सृष्टी, मी "हो" म्हणाले. बाहेर पप्पा टीव्हीकडे बघत बसले होते. गावात एवढी परिषद, लेक स्टेजवर, आणि बापाला साधं बोलावणं नाही, हे त्यांच्या मनात. पप्पा मुद्दाम आले नाहीत, हे तुझ्या. मी मधे बसून दोघांना वाढत होते. तू अर्धी पोळी खाल्लीस आणि निघालीस. पुढं तीनच आठवड्यांत ते गेले. जलदानविधीच्या दिवशी तू म्हणालीस, "शेवटपर्यंत हट्ट सोडला नाही त्यांनी." तेव्हाही माझं तोंड उघडलं नाही.

काल त्यांच्या पेन्शनच्या कागदांसाठी कपाट आवरलं तेव्हा ते पाकीट हाताला लागलं. या वेळी पान उलटलं. दुसऱ्या पानावर पहिलंच वाक्य होतं, हा सगळ्यांचा समज आहे आणि तो चुकीचा आहे. तू बारा जुन्या कामगारांचे अंगठे मीटरशी ताडून पाहिले होतेस, दहापैकी नऊ वेळा ते बरोबर निघाले होते. शेवटी लिहिलं होतंस, 'हे मला ज्यांनी शिकवलं ते माझे वडील आज आपल्यासमोर पन्नास पुठ्ठे तपासून दाखवतील.' मागे त्यांच्या नावाचा पास टाचलेला होता. श्री. सुनील भिका गांगुर्डे. तू तिथं टेबलावर पुठ्ठे मांडून दाराकडे बघत उभी राहिली असशील. किती वेळ, ते विचारायची माझी हिंमत नाही. आयुष्यभर मी त्यांना पुढचं पान वाचून दाखवलं, आणि त्या दिवशी ते विचारायला समोर नव्हते म्हणून मी पहिल्याच पानावर थांबले. त्यांनी हट्ट केला नाही, बाळा. तू बोलावलंयस हे त्यांना माहीतच नव्हतं. माझ्यावर रागव, पण त्यांच्यावर नको.

आणखी एक. त्या संध्याकाळी रागाच्या भरात तू परिषदेहून आणलेला पुठ्ठ्यांचा खोका चपलांच्या कपाटावर विसरून गेलीस. पप्पांनी तो उचलून आत आणला. "तिचे नमुने राहिले, पुढच्या वेळी दे," एवढंच म्हणाले होते. काल मी तो उघडला. आत रबर लावलेले दोन गठ्ठे आहेत, प्रत्येक पुठ्ठ्यामागे तू घातलेल्या क्रमांकाखाली त्यांच्या पेन्सिलीनं 'थांबा' नाहीतर 'चालू द्या'. कधी बसून केलं कोण जाणे, मी बहुधा मंगलाबाईंकडे असेन. खोका तसाच या पत्राबरोबर पाठवते आहे. मीटर लावून बघ. गठ्ठ्यांत एकोणपन्नासच आहेत. पन्नासावा वेगळा, वर ठेवलेला होता. त्यावर दोन्हीपैकी काहीच नाही. बारीक अक्षरात लिहिलंय, 'हा मला समजत नाही. सृष्टीला विचारणे.'

तुझीच,
आई