इंजिन गार होईपर्यंत

२२ सप्टेंबर, सोमवार

दोन शब्द. बस्स! कादंबरीत या महिन्यात फक्त दोन-दोन शब्दांची वाक्यं लिहायची असं ठरवलं होतं, आणि आज नेमकं तसलंच काम चालून आलं. विजयश्री मॅडम. भोसरी एमआयडीसीत त्यांचं छोटं युनिट आहे, गाडीचं इंजिन साफ करायचं औषध बनवतात. निळी बाटली, वर फवारा. त्यासोबत मराठी कागद हवाय. इंग्रजीतला दिला, दोन पानं, मुंगीएवढी अक्षरं.

"दसऱ्याला सगळे गाड्या धुतात, समर्थ. त्याआधी माल दुकानात हवा. आणि कागद असा कर की माणसाने उभ्या उभ्या वाचला पाहिजे."

संध्याकाळपर्यंत झाला –

गाडी फिरवा.
बॉनेट उघडा.
पिशव्या बांधा.
औषध मारा.
पाणी शिंपडा.
नीट पुसा.

दोन पानांचे बारा शब्द! घरच्या गाडीचं सगळं पप्पा बघतात, मी स्वतः जन्मात बॉनेट उघडलेलं नाही. पण ते कुणाला सांगायची काय गरज?

२३ सप्टेंबर

मॅडम खूश. "वा, हे तर पाठच होतं!" लगेच छापायला. खाली माझं नाव आणि फोन नंबर – "शंका आली तर लोक तुलाच विचारतील." चारशे कागद. माझं नाव चारशे वेळा. तीन वर्षं कादंबरी लिहितोय, तिच्यामुळे ते एकदाही छापून आलं नाही.

२४ सप्टेंबर

आई म्हणाली, "आता कुणाची लग्नपत्रिका असेल तर तीही घे." हसावं की रडावं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

माल काल पाच दुकानांत गेला. मॅडमना आता फोटो हवेत, इंजिन धुताना. म्हणून आमच्या दिघीतल्या इनायतचाचांच्या गॅरेजवर गेलो. लहानपणी माझ्या सायकलचं पंक्चर काढायचे, आता गाड्या करतात.

चाचांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. कागद मोठ्याने वाचला. मग परत वाचला, हळू.

"गाडी फिरवा, म्हणजे इंजिन तापलं, आणि मग औषध मारा. मध्ये काय?"

"पिशव्या बांधा."

"त्याला लागतात दोन मिनिटं. तोवर इंजिन काय एसीत बसतं का?"

मला कळेना. तेवढ्यात आळंदीहून एक टॅक्सी आली. चाचांनी तिचं बॉनेट उघडलं, मला मागे सरकवलं, आणि मगातलं पाणी चार बोटांनी आत उडवलं. छर्र! वाफ वर आली. मी दोन पावलं उडालो.

"हे थेंब होते, रायटर. लोक फवारा मारणार, ते पण वाकून! औषध पाण्यातलं आहे म्हणून भडका नाही व्हायचा. पण नंबर दिलायस ना खाली? तोंड भाजल्यावर फोनवर बोलणार कसं माणूस?"

चाचांनी चहा मागवला. इंजिन गार होईपर्यंत बसून राहिलो. पाऊण तास! मध्ये दोनदा उठलो, दोनदा "बस" म्हणाले. मग माझा हात धरून इंजिनवर ठेवला. कोमट, संध्याकाळी देवळाबाहेरच्या फरशीसारखं. "असा हात ठेवून आरामात गप्पा मारता आल्या, की मग मारायचं औषध."

पुढचं सगळं माझ्याकडून करून घेतलं. बॅटरी, फ्यूजचा डबा, वीज बनवणारा अल्टरनेटर, हवा आत घ्यायचं तोंड – सगळ्यांना पिशव्या. औषध खालून वर. ब्रश. प्रेशरचा पाइप मागितला तर ओरडले – "फायर ब्रिगेडमध्ये आहेस का? वायरींच्या जोडात पाणी गेलं की गाडी धक्क्यावर." मगाने थोडं थोडं पाणी, मग फडकं, मग पिशव्या काढून बॉनेट उघडं ठेवून चालू करायची. काळं पाणी ओघळून गेलं आणि आतून चक्क चांदीचा रंग निघाला. छान वाटायला हवं होतं.

घरी येऊन इंग्रजी कागद काढला. ती ओळ होती. जाड अक्षरांत होती! इंजिनवर हात ठेवता येईपर्यंत थांबा. मी ती वाचली होती. "थांबा" एकटं पडत होतं, कधीपर्यंत ते दोन शब्दांत बसत नव्हतं. म्हणून काढली.

पप्पा शिफ्ट करून आले. चाकणला गाड्यांचे पत्रे दाबायच्या प्रेस शॉपमध्ये एकोणतीस वर्षं. विचारलं, "काय रे, तोंड का उतरलंय?" काही नाही म्हणालो. मशीनवर आयुष्य काढलेल्या माणसाला कसं सांगू, की माझ्या वाक्याला शोभत नव्हतं म्हणून…

२७ सप्टेंबर

"मॅडम, कागदात एक ओळ राहिली."

"राहिली की काढलीस?"

"काढली."

मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. बाटल्या भरायचं मशीन बंद केलं, स्कूटरची किल्ली घेतली. "बस मागे."

आधी चिंचवडला रबरी शिक्का करायला टाकला. "आधी इंजिन गार होईपर्यंत थांबा!" शिक्केवाला विचारतो, "कुठल्या ऑफिसचा म्हणायचा हा?" मॅडम म्हणाल्या, "गाढवांच्या." माझ्याकडे न बघता.

२८ सप्टेंबर, रविवार

पाचही दुकानं पालथी घातली.

ताथवडेवाला – "कागद? ते आम्ही आल्याआल्या काढतो हो. बाटली नीट उभी राहत नाही." सगळे खोक्यात कोंबलेले. त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं! दुसऱ्याने माझ्या कागदांवर वडापाव ठेवला होता. जन्मात पहिल्यांदा कुणी माझं लिहिलेलं वाचलं नाही म्हणून इतका आनंद झाला. मॅडमही हसल्या, दोन दिवसांत पहिल्यांदा.

भोसरीच्या दुकानात मात्र चार बाटल्या विकल्या गेल्यात. कागदासकट. तिघांनी मोबाइलवरून पैसे दिले, त्यांचे नंबर मिळाले. चौथ्याने रोख दिले. "कोण होता?" "आठवत नाही भाऊ, गर्दी होती."

२९ सप्टेंबर

शिक्के. शिक्के. शिक्के. लाल बोटं. माझ्या सुंदर सहा ओळींवर आडवा लाल शिक्का, आणि खरं सांगायचं तर आता कुठे तो कागद पुरा वाटतोय.

तिघांतले दोघं फोनवर सापडले. दोघांनीही बाटली उघडलेली नाही. एक म्हणाला, "धुवायला वेळ कुणाला आहे राव, ओव्हरटाइम चाललाय." तिसरा नंबर उचलत नाही.

३० सप्टेंबर

तिसऱ्या नंबरवरून उलटा फोन! पिंपळे सौदागरच्या इंदुताई. माझं काही ऐकायच्या आधीच सुरू –

"तुम्हीच का ते समर्थ? कागदावर नाव आहे ते?"

"हो, ताई, त्यात एक –"

"तेच विचारायचं होतं. गाडी फिरवून आणली की लगेच मारायचं का औषध? तवा तापलेला असताना आपण पाणी ओततो का? आमचे हे म्हणाले, लिहिलंय तसं कर. मी म्हटलं, लिहिणाऱ्याने कधी भांडं घासलेलं दिसत नाही. आधी विचारते."

"बरोबर आहे तुमचं, ताई. थांबायचं. पाऊण तास तरी."

"मग लिहायचं की तसं!"

मी दहादा सॉरी म्हणालो. शेवटी त्याच म्हणाल्या, "असू दे रे बाळा, जेवलास का?"

फोन ठेवला आणि गच्चीवर जाऊन उगाच दोन फेऱ्या मारल्या. राहिली एक बाटली.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

मॅडमच्या युनिटमध्ये मशीनची पूजा. भरायच्या मशीनला हार, माझ्या शिक्क्यालाही हळदकुंकू! "यानेच वाचवलंय आपल्याला," मॅडम म्हणाल्या. "आपल्याला" म्हणाल्या. पुढचा कागदही मलाच देणार आहेत, पण अट घातली – आधी बाटली स्वतः वापरायची, मग लिहायचं.

चौथ्याचा फोन नाही.

२ ऑक्टोबर, दसरा

सकाळपासून फोन हातात. भोसरीच्या दुकानासमोर साडेअकरापर्यंत उभा होतो. कुणी भांडायला आलं तर मी समोर असावं, म्हणून. कुणी आलं नाही. मग चाचांकडे गेलो. ते म्हणाले, "इतक्या लोकांनी आज गाडी धुतली, माझ्याकडे एक पण केस नाही. जा आता, सोनं वाट. त्या चौथ्याला अक्कल असेल."

खरंच असेल. घरी आलो. पुरणपोळी. पप्पा लवकर जेवून झोपले होते. सुट्टीचं त्यांचं तेच.

रात्री नऊपर्यंत फोन नाही. म्हणजे कुणाला काही झालेलं नाही. सुटलो! आठवड्याने पोटभर श्वास घेतोय. आईला आत्ता सगळं सांगून टाकलं, हसत हसत. ती हसली नाही. थकली असेल.

३ ऑक्टोबर

पप्पा डाव्या हाताने चहा पीत होते. उजव्या मनगटाला पट्टी, कडेला फोड दिसतोय. काय झालं विचारलं. "काही नाही रे. काल कंपनीत लागलं." आई ओट्याकडे तोंड करून उभी.

काल कंपनी बंद होती.

खाली जाऊन आमच्या गाडीचं बॉनेट उघडलं. इंजिन लखलखीत. पुढच्या कप्प्यात निळी बाटली आणि माझा कागद, चार घड्या घातलेला, शिक्का नसलेला. सहाही ओळींपुढे पेनाने बरोबरची खूण. माझ्या नावाखाली रेघ.