दादाच्या शोकेसमधले दवबिंदू

रविवार, १९ ऑक्टोबर

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे मजेत, तूही असशीलच. वहिनींचा गुडघा आता बरा आहे, पोरी अभ्यासाला लागल्यात. दादाला दुकान उघडताना सर्दी असते आणि गिऱ्हाईक आलं की नसते, तेव्हा काळजी नको. तुझी पत्रं पोचली. प्रत्येकात एकच प्रश्न होता, "बी उगवलं का?", आणि मी उत्तर दिलं नाही म्हणून तू धुसफुसत असशील. दुकानात गर्दी फार होती गं. परीक्षा जवळ आल्या की गावभरच्या पोरांना एकदम फळा दिसेनासा होतो, तुला माहीतच आहे.

तुझ्या त्या दवबिंदूच्या बियांचं सांगतो. तुझी पुडी उघडली तेव्हा वाटलं, ही बया रिकामी पुडी पाठवून माझी थट्टा करतेय. चष्म्याच्या काचा तपासायचं भिंग डोळ्याला लावलं तेव्हा कुठे काळी पूड दिसली. श्वास रोखूनच पेरली. तुझ्या सांगण्याबरहुकूम सगळं केलं: तू पाठवलेली ती हलकी काळी माती, धुतलेली वाळू, बी वरच भुरभुरलेलं, डब्यावर काच. पाणी खालच्या ताटलीत, तेही गॅरेजमधून आणलेलं, बॅटरीत घालतात ते. नळाच्या पाण्यातले क्षार यांना मारतात, हे तू दोनदा अधोरेखित केलं होतंस. गॅरेजवाला विचारायचा, "गाडी कधी घेतली, साहेब?" मी म्हणायचो, "सध्या पाणी घेतोय, गाडी मागून."

आणि उगवले, ठमे! आधी नुसती हिरवी टिंबं. मग एकेका पानाला लाल केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. एकदा एक चिलट येऊन अडकलं आणि पान हळूहळू त्याच्यावर वळलं. मी काचा घासायच्या यंत्राशी बसलो होतो, ते तसंच फिरत राहिलं.

तू लगेच म्हणशील, "भाऊ, तू आणि ते दुकान, अगदी हेच." म्हणू नकोस. चिलटाला कुणी शर्ट शिवून देत नाही. दादाने यंदाही दोघांचे शर्ट एकाच ताग्यातून शिवले. पाठमोरा असलो की गिऱ्हाईक मला दादा समजून भावात घासाघीस करतं.

तू काम करतेस त्या झाडांच्या काचघरवाल्या काकांची, मला कामावर घ्यायची अट मी विसरलो नव्हतो. स्वतः बियांपासून वाढवलेले दवबिंदू घेऊन महिनाअखेर हजर व्हायचं, बाकी काही विचारणार नाहीत. राहायला वरची खोली, तिला दोन्ही बाजूंनी खिडक्या. खिडक्यांचं तू कशाला लिहिलंस गं? मागच्या खोलीत मी जिथे काचा घासतो तिथे खिडकी नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे?

तीच पंचाईत झाली. उजेड नाही म्हणून रोपं लांबुडकी व्हायला लागली, थेंब धरेनात. उजेड म्हणजे फक्त पुढच्या शोकेसमध्ये. म्हणून डबा तिथे फ्रेम्सच्या मागे सरकवला आणि अर्थातच दादाच्या नजरेला पडला.

"हे काय आणलंस?"

"दवबिंदू. किडे खातात."

मी तयारीत होतो. तो ओरडेल, आपलं जुनं भांडण निघेल, तू घर सोडून गेलीस तेव्हा जे बोलला ते पुन्हा बोलेल, आणि मग मीही म्हणेन की मला जायचंय. वाक्य पाठ करून ठेवलं होतं. पण तो भिंग घेऊन खाली वाकला आणि चहा निवला तरी उठेना.

दुसऱ्या दिवसापासून येईल त्या गिऱ्हाइकाला तेच. "आमच्या धाकट्याने वाढवलंय, बियांपासून! हात बघा त्याचा. उगाच नाही काचा अशा बसत." डबा फ्रेम्सच्या पुढे आला, समोर स्टँडवर मोठं भिंग लागलं. आणि मग पेंटरला बोलावणं गेलं. बाबांनी लावलेला बोर्ड उतरवून नवा करायचा, त्यावर आम्हा दोघांची नावं. पेंटरने मला विचारलं, "कुठला रंग, साहेब?" दादा म्हणाला, "निळा. त्याला निळा आवडतो." मला निळा आवडतो की नाही, मी कधी विचारच केला नव्हता.

आता जे लिहायचं टाळतोय ते लिहितो.

पाणी घालायचं काम दादाने स्वतःकडे घेतलं. नळाचं पाणी. त्यात एका माळी गिऱ्हाइकाने दिलेलं चिमूटभर खत, तेही यांना विषच. पहिल्या सकाळी मी त्याच्या मागेच उभा होतो. "दादा, हे पाणी नको," एवढं म्हटलं असतं तर तो तिथल्या तिथे थांबला असता, स्वतः गॅरेजला गेला असता. मी बोललो नाही. दुसऱ्या सकाळीही नाही.

वहिनींच्या लक्षात आलं. "भावजी, तुम्ही ते बाटलीतलं पाणी घालायचात ना?"

"हेही चालतं," मी म्हटलं.

त्यांनी शोकेस पुसायला घेतली. पुसता पुसता म्हणाल्या, "तुम्हाला कुठे जायचं होतं का?"

"मी कुठे जाणार, वहिनी?"

"बरं," म्हणाल्या आणि पुसत राहिल्या.

आधी थेंब सुकले. मग पानं काळी पडत गेली. दादा रोज भिंगातून बघायचा. काल मला बाजूला घेऊन म्हणाला, "माझ्या हातून काही चुकलं का रे?" त्याचा चेहरा बाबा गेले तेव्हासारखा झाला होता. मी म्हटलं, "नाही रे दादा, यांचं असंच असतं."

मला यायचं होतं, ठमे. फार यायचं होतं. पण "जातो" हे मला त्याच्या तोंडावर म्हणावं लागलं असतं. रोपं मेली की कुणालाच काही म्हणावं लागत नाही. मला स्वतःची लाज वाटते, आणि त्याहून वाईट म्हणजे, डबा रिकामा केला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं.

काकांना सांग, माझ्या भावाला जमलं नाही. ते खोटं नाही. उद्या पेंटर येतोय.

तू दुसरी पुडी पाठवशील, मी ओळखतो तुला. पाठवू नकोस. ती उगवेल, आता मला ते नीट येतं. आणि मग मला पुन्हा दादाच्या मागे उभं राहून गप्प बसावं लागेल.

तुझा, इथेच असलेला,
भाऊ