पहिली सोळा पानं

१३ डिसेंबर २००९, रविवार

बाबा,

आज दुकान आठला उघडलं. गुळाच्या दोन ढेपा आल्या, एकीला वास येत होता म्हणून परत पाठवली. तीन ते सहा लाइट नव्हती. चारच्या सुमारास दादाच्या मुलीचा पुण्याहून फोन आला. ती आता अकरावीत आहे. मैत्रिणी जमून एक खेळ खेळतात म्हणाली. एकीनं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं आणि आपण काय करतो ते बोलायचं. "आत्या, माझे बाबा सांगत होते तुझ्याकडं असलं पुस्तक होतं म्हणून. तू खेळलीस का कधी?" मी म्हटलं, "नाही गं. पाच जण लागतात, इथं कुठून आणू?" ती म्हणाली, "पाचच कशाला?" मी म्हटलं, गिऱ्हाईक आलंय, आणि फोन ठेवला. गिऱ्हाईक आलं नव्हतं. त्यानंतर मापं चुकत राहिली, म्हणून आज दुकान लवकर बंद करून लिहायला बसले आहे.

ते पुस्तक तुम्हाला आठवत असणार. माझी दहावीची परीक्षा झाली होती, आई जाऊन तीन वर्षं झाली होती. वर्ध्याहून रद्दीची पोती आली की तुम्ही जाड कागद वेगळा काढायचे, जिरं, मोहरी, मिरे यांच्या पुड्यांसाठी. त्यात ते निघालं. मोठं, इंग्रजी, वर कंदील धरलेल्या बाईचं चित्र. तुम्ही सवयीनं पुढून पानं फाडायला सुरुवात केली. मी शाळेतून दाखला घेऊन आले तोवर सोळा पानं गेली होती. उरलेलं पुस्तक मी मागितलं. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी शब्दकोश घेऊन वाचलं. तिसऱ्या दिवशी मला समजलं की हा खेळ आहे, आणि तो सुरू कसा करायचा ते पहिल्या पानांवर होतं. मी गल्ल्याच्या मागे बसून रडले.

"काऊन वं बाई, रडून राह्यली?" तुम्ही विचारलं. मी सांगितलं. तुम्ही तराजू खाली ठेवला. "मले का मालूम! भुताखेताचे चित्र, मले वाटलं कोन्या सायबानं फेकलं असन." मग म्हणालात, "आनतो मी. गावातच गेले ना पानं, विलायतेत त नाई गेले."

आणि खरंच सायकल काढली. मीही मागे बसले. आपल्या नाचणगावात ज्या ज्या घरी त्या तीन दिवसांत पुडी गेली होती त्या घरी तुम्ही दारात उभं राहून विचारत होता. कासारांच्या म्हातारीनं तर कपाळावर हात मारला. "अवं माय! जिऱ्याची पुडी कोनी जपून ठेवते काय शेटजी? चुलीत गेली केव्हाचीच." आणि आत वळून सुनेला ओरडून म्हणाली, "जिरं लपव वं, शेटजी वापस मांगाले आले!" तुम्ही हसलात, पण तुमचे कान लाल झाले होते. सगळ्या गावातून अडीच पानं मिळाली. एकावर हळद, एकावर तेल, आणि अर्धं कुणाच्या तरी पाटीखाली घातलेलं. त्यांवर फक्त हत्यारांची आणि दोरखंडाची यादी होती. तुम्ही ती पानं गरम तव्याच्या बुडानं दाबून सरळ केली आणि माझ्या हातात दिली. मला अजून वाटतं, तुम्ही मला दिलेली सगळ्यात मोठी वस्तू तीच.

सुरुवात नसलेलं ते पुस्तक मी पाठ केलं. त्यात एका टेबलाभोवती बसलेल्या पाच जणांचं चित्र होतं, म्हणून पाच जण लागतात असं मी धरून चालले. वीस बाजूंचे फासे लागत, ते आपल्याकडं कुठले? मी एकापासून वीसपर्यंतच्या चिठ्ठ्या करून बिस्किटाच्या डब्यात ठेवल्या. जुन्या वह्यांच्या कोऱ्या पानांवर माणसं बनवली. प्रत्येकाची ताकद किती, अक्कल किती, तो कशाला घाबरतो, त्याच्या पिशवीत काय आहे. नदीवर नाव चालवणारी एक बाई होती, कुलपं उघडणारा एक मुका होता. चाळीसच्या वर माणसं झाली होती आणि त्यांतलं एकही कधी कुठं गेलं नाही. ती वहीत तयार होऊन बसून राहायची.

दुकानात मी पुस्तक मांडीवर ठेवून वाचत असे. एकदा कुणीतरी तुरटी मागितली आणि मी खडीसाखर बांधून दिली. दुसऱ्या दिवशी तो माणूस आला, गाल पुढे करून म्हणाला, "शेटजी, दाढी केली तं मुंग्या लागल्या ना!" दुकानातली सगळी हसली. तुम्ही हसला नाहीत. तो गेल्यावर म्हणालात, "गिऱ्हाईक समोर उभं हाय अन् तू कोन्त्या गुहेत जाऊन बसली? दुकानात राह्यची तं दुकानात राह्य." मी दोन दिवस पुस्तकाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी चतुर्थी होती आणि तुम्ही मला केळझरच्या गणपतीला घेऊन गेलात. दर्शन झाल्यावर आपण टेकडीच्या बाजूला बसलो, डबा उघडला. तुम्ही म्हणालात, "सांग आता, काय हाय त्या पुस्तकात."

तेव्हा मी तुम्हाला सांगितलं, या टेकडीच्या खाली मी वहीत सात दालनं केली आहेत. वरच्या दालनात पहारेकरी, खाली विणकर, त्याच्या खाली आंधळे लोक, जे हातानं चेहरे ओळखतात. तुम्ही पोळीचा घास हातात धरून ऐकत होता. मग विचारलंत, "एवढे लोक खाली राह्यतात, तं मीठ कोन पुरवते त्यायले?" तुम्ही म्हणालात, "मीठ तं लागनच. वरून कोनीतरी आनत असन. तो कोन हाय, त्याले रस्ता मालूम असन ना सगळा." बस येईपर्यंत तुम्ही त्या मीठवाल्याचा रस्ता, त्याची बैलं, त्याची भीती सगळं बोलत होता. घरी येऊन मी ते वहीत लिहून घेतलं. चांगलंच होतं. पण लिहिताना मला जरा वाईटही वाटलं. टेकडी माझी होती आणि त्यात तुमचं दुकान निघालं.

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा तुम्हाला झटका आला. सकाळच्या पॅसेंजरनं मी वर्ध्याला गेले होते, प्रॅक्टिकल होतं. संध्याकाळी परत आले तर शेजारचे दुकानात उभे. उजवी बाजू गेली. बोलणं महिन्याभरात परत आलं, जरा जड, पण समजायचं. दादा म्हणाला, दुकान विकू, पुण्याला चला. तुम्ही म्हणालात, "म्या तिथं काय करू? खिडकीत बसून रिक्षा पाहू?" दादा चार दिवस राहून गेला. मी परीक्षा पुढच्या वर्षी देऊ म्हटलं. पुढच्या वर्षीही तेच म्हटलं, मग म्हणायचं बंद केलं. एक स्थळ आलं होतं हिंगणघाटचं. त्यांनी खुर्चीत बसवलेल्या तुमच्याकडं पाहिलं, चहा घेतला आणि नंतर कळवलं नाही.

तुमची खुर्ची गल्ल्याच्या बाजूला. सकाळी मी तुमचं तोंड धुवायची, आंघोळ घालायची, धोतर नेसवायची, खुर्चीत बसवायची. तिथून तुम्हाला दुकानही दिसायचं आणि आतलं स्वयंपाकघरही. मी कुणाशी बोलले, किती वेळ बोलले, डाळीला मीठ घातलं की नाही, सगळं. तुम्ही वाईट बोलत नव्हता. नुसतं विचारत होता. "कोन होतं वं?" "काय म्हने?" "एवढं काय हसत होती ती?" दिवसभर मी उत्तरं देत असे.

दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक नसायचं. त्या वेळात मी पुस्तक काढायची. तुम्ही पाहत बसायचे. पहिल्यांदा म्हणालात ते गमतीनंच, "मले घे ना तुह्या खेळात."

"पाच जण लागतात बाबा."

"म्या दोघायचं खेळतो."

"आणि बाकीचे?"

"गिऱ्हाईक पकडू. उधारीवाल्यायले बसवू, उठूनच नाई जानार ते."

दोघंही हसलो. मला तेव्हा खरंच वाटत होतं की पाच लागतात. दर आठ-पंधरा दिवसांनी तुम्ही विचारायचे आणि मी तेच सांगायची.

तुम्ही गेलात त्याच्या आदल्या वर्षी मी मालाच्या कामानं वर्ध्याला जात होते, तुमच्याजवळ शेजारची मावशी बसायची. स्टँडजवळ इंटरनेटचं दुकान निघालं होतं. एका फेरीत मी आत गेले आणि त्या खेळाचं नाव टाकलं. बाबा, जगात कितीतरी लोक निघाले. एका ठिकाणी तर लोक फक्त एवढंच लिहीत होते की माझ्याकडं अमुक खेळ आहे, माझा फार जीव आहे त्याच्यावर, आणि मी तो कधीच खेळलो नाही. कुणाला माणसं मिळाली नाहीत. कुणाची बायको हसते. एकानं पुस्तक वीस वर्षं उशाशी ठेवलं होतं. मी ते वाचत बसले आणि मला पहिल्यांदाच आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं. मोडक्या इंग्रजीत मी लिहिलं की माझ्या पुस्तकाची पहिली सोळा पानं किराणा बांधण्यात गेली, त्यांत काय होतं कुणी सांगेल का?

पुढच्या फेरीत उत्तर आलेलं होतं. कुणीतरी अनोळखी माणसानं, बसून, हातानं, महत्त्वाचं सगळं टाइप करून दिलं होतं. मी ते इंग्रजीतच वहीत उतरवून घेतलं. त्यात लिहिलं होतं की दोघं असले तरी चालतं. एकानं सांगायचं, दुसऱ्यानं उत्तर द्यायचं. टेबलही लागत नाही. दुसरा जिथं बसला असेल तिथूनच सुरू करायचं.

परत येताना पुलगावच्या गाडीत मी वही छातीशी धरून बसले होते. उद्या दुपारी दोनला सुरू करू, असं देवळीच्या आसपास मनात पक्कं झालं होतं. घरी आले. तुम्ही खुर्चीतूनच विचारलं, "एवढा उशीर काऊन झाला? कुठं गेलती? कोन होतं संगं? वहीत काय हाय?"

मी म्हटलं, "हिशेब आहे."

सांगायचं नाही असं मी ठरवलं नव्हतं. त्या वेळी फक्त सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही सांगितलं नाही. मग ते सोपं होत गेलं. तुम्ही त्यानंतर अकरा महिने होता.

त्या अकरा महिन्यांत तुम्ही बरेचदा विचारलंत. आधी हसून, नंतर तसं नाही. पाऊस संपल्यावर एका दुपारी म्हणालात, "मोठं कोनी नको देऊ. राजा-गिजा नको. चालनारा कोनी तरी दे. लय दूर चालनारा." मी चिठ्ठ्यांचा डबा बंद केला आणि म्हटलं, "पाच लागतात ना बाबा." तुम्ही मान हलवली. "हो वं. तू सांगतलं होतं. मीच विसरतो." आणि रस्त्याकडं पाहत बसलात. त्या दुपारी गिऱ्हाईक आलंच नाही.

लोकांना वाटलं मी तुमची सेवा केली. केलीच. त्यात मी कधी कमी पडले नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. पण त्या घरात, त्या दुकानात, माझ्या अंगावरच्या कपड्यांतसुद्धा तुमचा डोळा नाही अशी एकच जागा होती आणि ती त्या वह्यांमध्ये होती. तुम्हाला आत घेतलं असतं तर तुम्ही तिथंही ठाण मांडून बसला असता. चांगले बसला असता, माझ्यापेक्षा चांगलं खेळला असता. मग मी कुठं गेले असते? तुमची कीव येत नव्हती असं नाही. कीव यायची आणि रागही यायचा. राग जास्त यायचा. तुम्ही गेल्यावर तो जाईल असं वाटलं होतं. तुम्ही गेलात आणि वह्या उघडायचीच इच्छा गेली. दुपारी दोन ते चार आता मी नुसती बसते, कुणी काही विचारत नाही.

तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून ते उत्तर उतरवलेली वही तुमच्या उशाजवळच्या फळीवर अकरा महिने उघडी पडलेली होती. हे पाठवायचं नाही, म्हणूनच लिहिता आलं. तुम्ही असता तर आजही मी सांगितलं असतं असं मला छातीठोकपणे म्हणता येत नाही.

वांगी चिरून पाण्यात टाकून बराच वेळ झाला. काळी पडायच्या आत फोडणीला घालते.